कुपनाच्या पाठीवर

गल्ल्यावरच्या मुलीनं कुपन उलटं केलं, पाठीवर जांभळ्या शाईचा शिक्का मारला, आणि शिक्का वर उचलला गेला तेव्हा त्याच्याखाली वत्सलाला आपल्या बापाचा चेहरा दिसला. चेहरा कसला, अर्धा चेहरा. एक डोळा, नाकाची एक कड, मिशीचं एक टोक, कपाळावर आलेली टोपीची काळी किनार. तोही उलटा, कारण कागद मुलीच्या बाजूनं सरळ होता. पण उलटा होता म्हणूनच तो इतक्या चटकन ओळखू आला असेल. लहानपणी बापाच्या मांडीवर डोकं टाकून ती पडायची, तो भिंतीला टेकून पोथी वाचायचा, आणि खालून वर बघताना त्याचं तोंड असंच दिसायचं, आधी हनुवटी, मग मिशी, मग कुठंतरी लांब वर डोळे. वाचता वाचता तो पान उलटायचा आणि त्याच बोटानं तिच्या कपाळावरची माशी हाकलायचा. छे, दुसरं कुणी असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पेपरातल्या शाईत सगळी म्हातारी माणसं एकसारखीच दिसतात. पण ती हे सांगत असतानाच तेलाची बाटली, डाळीची पुडी, दुधाच्या पावडरीचा डबा हे सगळं काळ्या पट्ट्यावर तिच्यापासून हळूहळू लांब चाललं होतं.

"मादाम, रुपया पंचवीस कमी झाले," मुलगी म्हणाली. क्रेओलमध्ये म्हणाली, इथं बेटावर, रोझ हिलमध्ये, सगळं त्या फ्रेंचमधून आलेल्या बोलीतच चालतं.

"तो कागद परत दे."

"कुठला?"

"कुपन. ते दे मला."

"कुपन परत देत नाहीत, मादाम. शिक्का बसला त्याच्यावर. आता ते कंपनीकडं जाणार."

"मग तेल पूर्ण भावानं लाव. पण तेवढं दे."

मुलीनं तिच्याकडं पाहिलं, मग कुपनाकडं, मग मागं लागलेल्या रांगेकडं. रांगेतून एक बाई म्हणाली, "आयो, सव्वा रुपयासाठी गल्ला अडवून ठेवलाय!" दुसरी म्हणाली, "भांडू दे गं, रुपया दोनदा पडला, कोण कशाला सोडेल?" आणि दोघी हसल्या. वत्सलाला त्यांचा राग आला नाही. त्यांना सांगावंसं वाटलं की बायांनो, मी कमी नाही, जास्त द्यायला भांडते आहे. पण तिनं नजर कागदावरून हलवली नाही. मुलीनं शेवटी खांदे उडवले, आकडा पुसला, पूर्ण पैसे घेतले आणि दोन बोटांत धरून कागद पुढं केला. "पैसे देऊन कुपन घरी नेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं," ती म्हणाली, पण आवाज मवाळ होता. 

बाहेर बसथांब्याजवळ एक बुटका कठडा आहे, त्यावर ती बसली. वेताची पिशवी पायांत ठेवली.  कुपन तिनं पदराखाली सरळ केलं, जणू कुणी हिसकावून घेईल. पुढच्या बाजूला तेलाची बाटली, तिच्याभोवती ठिपक्यांची चौकट, कोपऱ्यात छोटीशी छापील कात्री. मागच्या बाजूला तो. गालावर जांभळा शिक्का. फोटोशेजारी आणि फोटोखाली फ्रेंच अक्षरं. ती अक्षर अक्षर जोडत वाचू लागली, शाळेत सहावीपर्यंत शिकली होती तेवढ्या फ्रेंचवर. परशुराम. हे नाव तिनं तीनदा वाचलं. वय एकोणसत्तर. गाव ग्रां बुआ. मागं शोक करणारे: पत्नी भगवती. मुलं: गजेंद्र, देवानंद. आणि तिथं कात्रीची रेघ आली होती. त्या रेघेच्या पलीकडं कागदच नव्हता, तिचं स्वतःचं बोट होतं.

तर बाप गेला. आणि गेला त्याला आठ दिवस झाले, कारण कुपन मागच्या शनिवारच्या पेपरातलं, आणि आज पुन्हा शनिवार. हे तिला समजलं, जसं तापात समजतं, की कुणीतरी पाण्याचा पेला तोंडाशी धरला आहे. रडू आलं नाही. रडू येण्याच्या जागी एक प्रश्न येऊन बसला होता आणि तो बाजूला सरकत नव्हता. देवानंदच्या पुढं काय छापलं होतं? काही होतं का? तिला बाकी काही नको होतं, एवढंच हवं होतं: मरताना बापानं मुलं किती मोजली.

कारण सत्तर साली, उंबऱ्यात उभं राहून, त्यानं तिच्यासमोर मोजली होती. "मला दोन मुलगे. बस." ती तेव्हा चोवीस वर्षांची, हातात कपड्यांची एक पिशवी, आणि रस्त्यापलीकडं उसाच्या कडेला पोस्टातला कारकून रोलां आपली सायकल धरून उभा, मान खाली घालून, क्रेओल, कॅथलिक, गळ्यात बारीक क्रूस. देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत परशुराम शनिवारी संध्याकाळी मराठीचा वर्ग घ्यायचा. वीस मुलं पाट्या घेऊन बसायची आणि अक्षर कुणाचं सगळ्यांत वळणदार, तर वत्सलाचं. पाहुणा आला की तो तिचीच पाटी दाखवायचा. "माझी लेक," म्हणायचा, "हिच्या तोंडी भाषा टिकेल." ती भाषा घेऊन ती अशा घरात गेली जिथं तिचं एक अक्षर कुणाला कळत नव्हतं. अकरा वर्षं त्या घरात ती मराठीत बोलली नाही, फक्त मनात. भांडी घासताना, बसमध्ये, रोलां झोपल्यावर छताकडं बघत. मूल झालं नाही. आईच्या मते बापाच्या शब्दानं, रोलांच्या मते नशिबानं. बाहत्तर साली शिरगणतीचा माणूस ग्रां बुआला आला, ओट्यावर बसला, मुलं किती म्हणून विचारलं. दोन, बाप म्हणाला. माणसानं लिहून घेतलं. आई आतून ऐकत होती. हे आईनंच सांगितलं, क्यूरपीपच्या भाजीबाजारात, जिथं त्या दोघी वर्षातून दोनदा चोरून भेटायच्या, एक कोबीच्या ढिगाच्या अलीकडं, एक पलीकडं, जणू नुसत्या भाव विचारतायत. "सरकारात बी दोनच लिवलंत त्यांनी," आई कोबी दाबून बघत म्हणाली होती. "मी काय करू गो बाय."

आणि ही कुपनं. दोन महिन्यांपूर्वी तिला कुपन म्हणजे काय हे ठाऊकही नव्हतं. कोपऱ्यावरच्या चिनी दुकानात जावं, हवं ते मागावं, कागदात बांधून घ्यावं, इतकीच खरेदी. रुपया एकदा पडला होताच, आता पुन्हा पडला, तेल गेलं वर, साबण गेला वर, आणि नवीन सुपरमार्केटनं शनिवारच्या पेपरात ठिपक्यांच्या चौकटी छापायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरच्या इंद्राणीनं तिला हाताला धरून शिकवलं. इंद्राणी म्हणजे गावभरची अक्कल एका गाउनात. "हे बघ, आधी तारीख वाच. तारीख गेली की त्या कागदानं फक्त नाक पुसायचं. दुसरं, जे घरात लागतच नाही ते कुपन आहे म्हणून आणायचं नाही. माझ्या नणंदेनं कुत्र्याच्या बिस्किटाचं कुपन वापरलं, घरात कुत्रा नाही!" आणि वत्सला हसायची. "तिसरं, शनिवारी सकाळी आधी कात्री, मग पेपर. नवऱ्याच्या हातात पेपर आधी गेला तर तो त्यावर चहा सांडणार. माझा तर त्यात मासे गुंडाळतो." वत्सलानं पहिली काही कुपनं वाकडी कापली, एकाचा तर दर दाखवणारा कोपराच उडाला. इंद्राणी कपाळावर हात मारून म्हणाली, "तुम्ही मराठी लोक सोनं बरोबर सांभाळता, कागद तेवढा कापता येत नाही." म्हणून वत्सलानं स्वतःची एक रीत काढली. आधी चांगला रुंद तुकडा कापून घ्यायचा, चौफेर तीन तीन बोटं जास्त, आणि मग टेबलाशी बसून, जीभ दातांत धरून, ठिपक्यांवरून हळूहळू कात्री चालवायची. कडेच्या पट्ट्या उरायच्या, त्या कोळशाच्या शेगडीत. पेटवायला बऱ्या.

त्या शनिवारीही तसंच केलं होतं. हे आठवलं आणि कठड्यावर बसल्या बसल्या तिनं डोळे मिटून घेतले. पट्ट्या पेटताना दिसल्या. कागद आधी पिवळा होतो, मग तपकिरी, अक्षरं क्षणभर काळ्यावर रुपेरी होतात आणि मग उडतात. त्या रुपेरी अक्षरांकडं तिनं पाहिलं होतं का? वरण उतू जाईल म्हणून ती पातेल्याकडं बघत होती.

पण याहून वाईट ती संध्याकाळ. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून रोलांचा एक नेम होता. रेडिओवर मृत्यूच्या बातम्यांआधी जे संगीत लावतात ते तिला सोसायचं नाही, म्हणून तिनं त्या वेळी रेडिओ बंद करायला लावला होता; आणि म्हणून जेवणानंतर तो पेपरातल्या निधनाच्या नोंदी तिला वाचून दाखवायचा, एकेक नाव, एकेक गाव, अकरा वर्षं, कधी खाडा नाही. तिच्या माणसांची खबर ठेवायची ही त्याची रीत होती. सगळी वाचून झाली की म्हणायचा, "तुझ्याकडचं कुणी नाही. झोप आता." आईला बाजारात हे सांगितलं तर तिला हसू आवरेना. "मेल्यांची नावं वाचून निजवतो तुला? काय बाय तऱ्हा तुझ्या न्हवऱ्याची!" पण जाता जाता पुन्हा मागं वळून तिनं विचारलं होतं, "रोज वाचतो? खरंच रोज?" त्या शनिवारी त्यानं पेपर उघडला तर मधोमध हे एवढं भगदाड. त्यानं पेपर तोंडासमोर धरला, भगदाडाला एक डोळा लावला आणि त्यातून तिच्याकडं बघून म्हणाला, "कुकू!" आणि ती हसली. पोट धरून हसली. मग त्यानं उरलेल्या नोंदी वाचल्या, नीट, सावकाश, आणि पेपर घडी घालून ठेवला. "तुझ्याकडचं कुणी नाही. झोप आता." आणि ती झोपली. बाप ज्या जागी छापला होता त्या जागेतून नवऱ्याचा डोळा तिच्याकडं बघून मिचकला होता, आणि ती हसून झोपली होती.

ती उठली. घरी गेली नाही. टाउन हॉलच्या वाचनालयात लाकडी दांड्यांना पेपर अडकवून ठेवतात असं रोलां सांगायचा. ती कधी आत गेली नव्हती. उंच छत, पंखे, बाकांवर दोन म्हातारे, आणि टेबलामागं चष्म्याचा एक माणूस. त्यानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या पिशवीकडं, पिशवीतून डोकावणाऱ्या तेलाच्या बाटलीकडं.

"मागच्या शनिवारचा पेपर," ती म्हणाली.

"वाचायला?" त्यानं विचारलं. "आधीच सांगतो मादाम, इथं कात्री चालत नाही. हल्ली बायका येतात, बसतात, पेपर वाचल्यासारखं करतात आणि पान सोलून नेतात. सरकारी पेपर आहे."

"कात्री नाही माझ्याकडं."

"ब्लेडसुद्धा चालत नाही."

त्यानं दांडी आणून दिली आणि शेजारीच उभा राहिला. ती पानं उलटू लागली. लाकूड टेबलावर खटखट वाजत होतं. देशाच्या बातम्या, कारखान्यातला संप, घोड्यांच्या शर्यती. आणि मग ते पान, आणि त्या पानात चौकोनी भोक. कुणीतरी तिच्या आधी येऊन गेलं होतं. सराईत हात होता, ठिपक्यांवर बरोबर ब्लेड, केसभरसुद्धा इकडंतिकडं नाही. भोकातून खालच्या पानावरचा घोडा दिसत होता. माणूस चिडून म्हणाला, "बघा! बघितलंत?" पण वत्सला भोकाकडं बघत नव्हती. ती भोकाच्या कडेकडं बघत होती. त्या सराईत बाईनं फक्त कुपन नेलं होतं, बाकीचं जागच्या जागी ठेवलं होतं. दुसरा डोळा. एक कान. एक खांदा. टोपीचा उरलेला अर्धा भाग. आणि खांद्याच्या खाली, जिथं ओळ तुटली होती तिथून पुढं, ती ओळ चाललीच होती.

तिनं पदराखालून कुपन काढलं आणि भोकात बसवलं. ते बसलं. इतकं चपखल बसलं की टेबलाला टेकल्यावर शिवणसुद्धा दिसेना, आणि बापाचा चेहरा पुरा झाला, दोन डोळे, दोन कान, गालावर शिक्का, आणि तो अकरा वर्षांनी पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघू लागला. मग तिनं वाचलं. मुलं: गजेंद्र, देवानंद, वत्सला. जावई: रोलां. आणि खालच्या ओळीत, जी तिच्याकडं कधी आलीच नव्हती: अंत्ययात्रा रविवारी दुपारी तीन वाजता राहत्या घरून निघेल.

आपलं नाव इतकं लहान असतं हे तिला माहीत नव्हतं. फ्रेंचमध्ये सात अक्षरं, आणि ती अशी शांत बसलेली, भावांच्या शेजारी, जणू कधी उठून गेलीच नव्हती. त्या रविवारी दुपारी तीन वाजता ती कुठं होती? इंद्राणीच्या जिन्यात. मांडीवर बिस्किटाचा डबा, डब्यात कुपनं, तारखेप्रमाणे लावलेली. इंद्राणी सांगत होती की दोन कुपनं एका वस्तूवर चालत नाहीत, आणि ती बोटानं ठिपके मोजत होती.

"म्हणजे तुम्हीच!" चष्म्याचा माणूस म्हणाला. त्याचं बोट कुपनावर होतं. "तुम्हीच कापलं होतं, आणि आता जोडायला आलात?"

कुपनावर सुपरमार्केटचा शिक्का होता, तो दाखवता आला असता. सांगता आलं असतं की हे माझ्या घरच्या पेपरातलं. तिनं वर पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "मीच कापलं."

घरी रोलां अर्ध्या दिवसाची पाळी करून आला होता, बूट काढत होता. तिनं कागद टेबलावर ठेवला, पाठ वर करून. त्यानं वाचलं. तिनं पुढचं सांगितलं, पुढं काय छापलं होतं ते. त्याचं नाव घेतलं तेव्हा त्यानं हातातला बूट खाली ठेवला, अगदी हळू, काचेचा असल्यासारखा.  मग त्यानं तळव्यानं एक डोळा झाकून घेतला, तोच डोळा, आणि तसाच बसून राहिला. तिला वाटलं, याच्याजवळ जावं. पण जवळ जायला मधली चार पावलं कुणीतरी कापून नेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. क्यूरपीपला बस बदलली. रोलांनं काळा टाय बांधला होता आणि तो गळ्याशी सारखा चाचपत होता. अकरा वर्षांत तो त्या घराच्या उंबऱ्याशी कधी आला नव्हता, उसाच्या कडेपर्यंतच आला होता. उतार सुरू झाला, दोन्ही बाजूंनी ऊस आला, तुरे आलेला, आणि वत्सलाच्या मनात आईचा आवाज सुरू झाला. पहाटे जात्यावर बसून आई जे जुळेल ते म्हणायची, एक दिवशीचं दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही, पण लेकीला आठवायचं.

माहेराची वाट ग बाई, उसाच्या आतून
बापाजीचा खोकला, ओळखू ये लांबून.

माहेराच्या दारी ग बाई, कोण पुसे नाव
नाव पुसणाराचं, उठून गेलं गाव.

दुसरी ओवी आईनं म्हटली होती की आत्ता बसमध्ये तिच्या स्वतःच्याच मनात जुळली, हे तिला कळेना. खोकला ऐकू आला नाही. ग्रां बुआच्या वळणावर बस थांबली, माणसं उतरली, धूळ बसली, आणि खोकला ऐकू आला नाही.

ओट्यावर चार-पाच पुरुष बसले होते, डोकं भादरलेला गजेंद्र मध्ये. त्यानं बहिणीकडं पाहिलं आणि उठला नाही. "नववा दिवस," तो म्हणाला. "आज सवड झाली व्हय?" मग त्याची नजर रोलांच्या टायवर गेली, तिथं अडखळली, आणि तो सरकला, बाकावर हातभर जागा केली. रोलां तिथं बसला, टोपी गुडघ्यावर घेऊन. वत्सला आत गेली.

आई खाली चटईवर होती, पांढऱ्या लुगड्यात, इतकी लहान की कुणीतरी घडी घालून ठेवल्यासारखी. तिनं लेकीला जवळ ओढलं नाही, ढकललंही नाही. शेजारची जागा हातानं झाडली. वत्सला बसली. 

"त्यांनीच लिवायला लावलान," आई म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात. गजेंद्रला म्हणाले, पेन्सिल घे, मी सांगतो तसं लिव, मागनं घोळ नको. माझं नाव सांगितलंन. गजेंद्र सांगितलंन, देवानंद सांगितलंन. मग गप. गजेंद्र म्हणाला, बा, झालं? तर म्हणाले, वत्सला ऱ्हायली. आनि तिचा न्हवरा. गजेंद्रला नाव ठाव नव्हतं त्याचं. त्यांना ठाव होतं. रोलां, म्हणाले. अकरा वर्सांत पयल्यांदा त्या तोंडात आयकलं मी."

वत्सलानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"गजेंद्र म्हणाला, मी रोझ हिलला जातो, सांगतो. मी म्हटलं, कशाला? तितं रोज वाचतात. जावई मानूस रोज रात्री वाचतो, मला लेकीनं सांगितलंन. पेपरात आपलं नाव बघतील नि येतील, मानानं येतील, बोलवनं धाडून न्हाय." आईचा हात चटईवरची एक काडी उपटत होता. "तीनला न्यायचं होतं. तीन वाजले. मी म्हटलं, थांबा, बस यायची हाय. एक बस आली. साडेतीनची आली. भटजी म्हणाला, दिवस कलला. गजेंद्र दोन वेळा थांब्यावर जाऊन आला, रागानं आता बोलतो तो, पण गेला तोच. साडेचारला उचलला." ती थांबली. "का न्हाय आलीस गो?"

वत्सलाकडं सांगायला दुसरं पुष्कळ होतं. ताप होता, पेपर आला नाही, रोलां गावाला होता. पेपर वाचला होता पण धीर झाला नाही, हे तर आईला पटलंही असतं, आणि ऐकायलाही शोभलं असतं. खरं होतं ते कुणाला सांगण्यासारखंच नव्हतं. अकरा वर्षांनी बापानं हाक मारली आणि मी ती तेलासाठी कापली.

"मी पेपर कापला, आये," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. शब्द घशातून गंजल्यासारखे निघत होते. "ते वाचायच्या आधी. पाठीमागं एक कुपन होतं."

"कुपन म्हंजे?"

मग तिला समजावून सांगावं लागलं. की पेपरात चौकट छापतात. की ती कापून दुकानात दिली तर ते तेल थोडं स्वस्तात देतात. की सगळं महागलं, आणि मी नवीन शिकत होते, मला नीट कापता येत नाही म्हणून मोठं कापलं, आणि कडा जाळल्या. की त्याच्याच पाठीवर बा होते. आई ऐकत होती, मान कलती करून, जशी ती कोबीचा भाव ऐकायची. मध्येच तिनं विचारलं, "दुकानदार कमी पैसे घेतो? नुसत्या कागदावर?" "हो." "लबाडी न्हाय ना त्यात?" "नाही, आये."

"किती वाचले?"

 बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. रोलांचा आवाज आला, तुटक, नम्र, तो कुणाचे तरी आभार मानत होता. त्याला चहा दिला होता.

"सव्वा रुपया," ती म्हणाली.

वाचलेही नव्हते ते, गल्ल्यावर परत दिले होते, पण ते सांगायला तिच्यात त्राण नव्हतं. आईनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा. तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर काहीतरी आलं, रडणं नव्हतं ते, त्याहून जुनं काहीतरी, नवऱ्याबरोबर एक्कावन्न वर्षं संसार केलेल्या बाईचं.

"त्यांना आवडलं असतं," ती म्हणाली. "आगपेटीतली काडी मधनं चिरून दोन करायचे. सव्वा रुपया! आवडलं असतं गो त्यांना. सगळ्यांना सांगत सुटले असते, माझी लेक बघा, म्हणून."

आणि तिनं लेकीचा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, आणि तिच्या अंगठ्याला कात्रीनं पडलेल्या घट्ट्यावरून बोट फिरवत राहिली.